कोणत्या कामाला कोणता वकील?

भोसरीला एक चाळ आहे असे समजू. चाळीत चार बिऱ्हाडे राहतात.

पहिल्या खोलीत एक कामगार राहतो. तो लातूरकडून आला. कारखान्यात प्रेस-मशीन चालवतो. सारी चाळ त्याला दादा म्हणते. दुसऱ्या खोलीत मामा राहतात. ते खेड तालुक्यातले. चाकणच्या पुढे त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. तिसऱ्या खोलीत एक आक्का दोन मुलांना घेऊन राहते. तिचा नवरा वेगळा राहतो आणि पैसा देत नाही. चौथ्या खोलीत अण्णा राहतात. अण्णांनी तीस वर्षे कोर्टात कारकुनी केली. आता ते निवृत्त आहेत.

एका संध्याकाळी दादा अण्णांच्या ओट्यावर येऊन बसला. चेहरा उतरलेला होता.

"अण्णा, कंपनीनं काढलं मला. गेटवरच सांगितलं, उद्यापासून येऊ नको."

"कधी झालं हे?"

"झाले की चार महिने."

"चार महिने! मग इतके दिवस काय केलंस?"

"वकील लावला ना. आपल्या खोलीचा भाडेकरार ज्यांनी करून दिला, तेच. चार हजार घेतले. बघू, करू म्हणाले. परवा म्हणाले, हे कामगार कोर्टाचं काम आहे, दुसरा कुणी बघा."

अण्णांनी कपाळाला हात लावला. महाराष्ट्रात १९७१ सालचा एक कायदा आहे. मालकाने कामगाराशी अनुचित वागणूक केली, खोटे कारण दाखवून कामावरून काढले, तर कामगाराला त्या कायद्याखाली कोर्टात तक्रार करता येते. पण ती तक्रार ९० दिवसांच्या आत करायची असते. दादाचे ९० दिवस केव्हाच उलटून गेले होते.

त्या वकिलाने दादाला फसवले नव्हते. त्यांचे रोजचे काम भाडेकराराचे आणि खरेदीखताचे. कामगार कोर्टाची पायरी ते कधी चढले नव्हते. त्यांची चूक एवढीच, की पहिल्या दिवशीच त्यांनी तसे सांगितले नाही. आणि दादाची चूक एवढीच, की त्याने विचारले नाही.

दात दुखला म्हणून आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही. वकिलाचेही तसेच आहे. सगळे वकील काळा कोट घालतात, पण सगळ्यांचे काम एक नसते. म्हणून वकील शोधण्याआधी आपले काम कोणत्या दारातले आहे ते ओळखावे. मग त्या दारात रोज उभा राहणारा वकील शोधावा.

वकील कोणाला म्हणावे

कायद्याची पदवी घेतली की माणूस लगेच वकील होत नाही. त्याला सनद घ्यावी लागते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल ही सनद देते. सनदेला नंबर असतो. तो नंबर विचारण्यात संकोच वाटू देऊ नये. खरा वकील तो आनंदाने सांगतो.

मुंबईत 'सॉलिसिटर' हा शब्द ऐकू येतो. आपल्या पिंपरी-चिंचवडला आणि चाकणला त्याचे कारण नाही. १९६१ च्या वकिलांच्या कायद्याने देशभर वकील हा एकच वर्ग ठरवला. कोर्टात उभा राहतो तोही वकील, आणि टेबलाशी बसून दस्त करतो तोही वकील.

कोर्टाच्या आवारात आणखीही माणसे दिसतात. कोणी स्टँपपेपर विकतो. कोणी टाईप करून देतो. कोणी म्हणतो, "माझी आत ओळख आहे, काम करून देतो." हा शेवटचा माणूस दलाल होय. त्याच्याजवळ सनद नसते. काम बिघडले तर जाब कोणाला विचारणार? अशा माणसाच्या हातात कागद देऊ नयेत आणि पैसाही देऊ नये.

कामगाराचे काम

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीला कारखान्यांच्या रांगा लागल्या. पुढे चाकणही त्यात आले. आज या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस कारखान्यात जातो. म्हणून हे दार आधी पाहू.

कामावरून काढणे, पगार अडकवणे, बदली करून छळणे, ही कामे कामगार न्यायालयाची आणि औद्योगिक न्यायालयाची. ही न्यायालये पुण्यात आहेत. तिथे रोज काम करणारे वकील वेगळे असतात. काही वकील कामगारांच्या बाजूने काम करतात. काही कंपन्यांच्या बाजूने करतात. आपला वकील तुमच्या कंपनीचे काम करतो का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

कामगार न्यायालयात वकीलच पाहिजे असे नाही. युनियनचा पदाधिकारीही कामगाराची बाजू मांडू शकतो. पुष्कळ जुन्या पदाधिकाऱ्यांना हे काम चांगले येते.

आणखी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. संहिता म्हणजे अनेक कायदे एकत्र करून केलेला एक कायदा. जुने पुष्कळ कायदे या चारांत गेले. म्हणून शेजाऱ्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या खटल्यावरून आपला हिशोब करू नये. वकिलाला सरळ विचारावे, "माझे काम आज कोणत्या कायद्याखाली येते आणि मुदत किती?"

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. पगाराची चिठ्ठी, गेटपास, हजेरीचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा नंबर हे सारे जपून ठेवावे. उद्या ठेकेदार म्हणेल, "हा माणूस माझ्याकडे नव्हताच." तेव्हा चांगल्यातला चांगला वकीलही कागदाशिवाय काय करणार?

या पट्ट्यात प्रेस-मशीनमध्ये बोटे जाण्याचे अपघात होतात. कामगार राज्य विमा योजनेत असेल तर त्याचे पैसे विमा महामंडळाकडून मिळतात. तो विम्यात नसेल तर भरपाई मालकाकडून मागायची असते. ही दोन वेगळी दारे आहेत. म्हणून विम्याचे कार्ड कामाला लागल्यावर लगेच मागून घ्यावे. अपघातानंतर कार्डासाठी धावपळ करण्याची पाळी येऊ नये.

जमिनीचे काम

दादाची हकीकत ऐकून मामाही पुढे सरकले.

"अण्णा, माझं दुखणं निराळंच आहे. भावानं फेरफार करून जमीन आपल्या एकट्याच्या नावावर चढवली."

"मामा, तुमचं काम दोन दारांचं आहे," अण्णा म्हणाले.

पहिले दार महसुलाचे. सातबारा, आठ-अ, फेरफार हे सारे महसूल खात्याकडे असते. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, प्रांत अशी त्याची चढती पायरी आहे. फेरफाराची नोंद चुकीची झाली तर प्रांतांकडे अपील करता येते. त्याला ६० दिवसांची मुदत आहे. चाकण हे खेड तालुक्यात येते, म्हणून ही कचेरी राजगुरुनगरला. मामांनी भोसरीत बसून वकील शोधण्यापेक्षा नाशिक रस्त्याने राजगुरुनगरला जावे. तहसील कचेरीत ज्यांची रोज ये-जा आहे असा वकील पाहावा.

दुसरे दार दिवाणी कोर्टाचे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. जमिनीचा खरा मालक कोण आणि कोणाचा हिस्सा किती, याचा शेवटचा निवाडा दिवाणी कोर्ट करते. वाटपाचा दावा तिथेच लावायचा. काही वकील दोन्ही दारांत काम करतात. काही एकाच दारात करतात. ते विचारून घ्यावे.

चाकणच्या बाजूला कारखाने आले आणि जमिनीचे भाव चढले. भाव चढला की सह्यांची घाई होते. बहीण भाऊबीजेला माहेरी येते. ओवाळणी होते, जेवण होते, आणि मग हळूच एक कागद पुढे येतो. "नुसती सही कर, ताई. सरकारी काम आहे." तो कागद बहुधा हक्कसोडपत्र असतो. त्यावर सही करून दिली की बहिणीचा हिस्सा गेला. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रात १९९४ साली तसा कायदा झाला आणि २००५ साली तो देशभर झाला. बहिणीला आपला हिस्सा प्रेमाने सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न. पण सही करण्याआधी तिने स्वतःच्या वकिलाला कागद दाखवावा. भावाचा वकील तो भावाचा.

आपल्या चाळींतून राहणाऱ्या पुष्कळांची जमीन इथे नाहीच. ती लातूरला आहे, सोलापूरला आहे, बुलढाण्याला आहे. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात चालतो. पिंपरीचा वकील सल्ला देईल, पण वकील तिकडचाच पाहावा लागेल. वरच्या कोर्टाचेही तसेच. पुणे जिल्ह्याचे काम मुंबईच्या उच्च न्यायालयात जाते. लातूरचे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते आणि बुलढाण्याचे नागपूरला. सोलापूरचे काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला जाऊ लागले.

जागा आणि घर

कामगार पै-पै जोडतो आणि शहराच्या कडेला एक-दीड गुंठा जागा घेतो. विकणारा म्हणतो, "नोटरी करून देतो, पक्कं काम." इथे पुष्कळांचा घात होतो. नोटरीचा शिक्का म्हणजे खरेदी नव्हे. नोटरीपुढे सही केली, एवढेच त्यातून ठरते. शंभर रुपयांहून जास्त किमतीची जागा विकत घ्यायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रानेही मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट सांगितले आहे.

जागा घेण्याआधी दस्ताचे काम करणाऱ्या वकिलाकडून 'सर्च रिपोर्ट' घ्यावा. म्हणजे गेल्या तीस वर्षांत ती जागा कोणाकडून कोणाकडे गेली, तिच्यावर कर्ज आहे का, दावा आहे का, याचा तपास. त्याला थोडा खर्च येतो. पण बुडणाऱ्या लाखांपुढे तो काहीच नाही. आणि हा वकील आपला असावा. बिल्डर म्हणतो, "आमचे वकील आहेत, तेच बघतील." ते बिल्डरचे हित बघतील, तुमचे नाही.

बिल्डरने घर वेळेवर दिले नाही तर महारेराकडे तक्रार करता येते. घरासाठी, गाडीसाठी, दवाखान्यासाठी पैसे मोजले आणि सेवा नीट मिळाली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. तिथे माणसाला स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

घरातले काम

आक्का दारातच उभी होती. ती हळूच म्हणाली, "अण्णा, नवरा पैसा देत नाही. मुलांची फी थकली. पण कोर्टात गेले तर घटस्फोट होईल अशी भीती वाटते."

"आक्का, पोटगी मागणं निराळं आणि घटस्फोट मागणं निराळं. तू पोटगी मागितलीस म्हणून संसार मोडत नाही."

नवऱ्याने सांभाळ केला नाही तर बायकोला आणि मुलांना पोटगी मागता येते. मारहाण असेल, घराबाहेर काढले असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. त्याखालचा अर्ज बाई जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे देता येतो. या कामी संरक्षण अधिकारी मदत करतात. कौटुंबिक न्यायालय पुण्यात शिवाजीनगरला आहे. आपले काम पिंपरीच्या कोर्टात जाईल की शिवाजीनगरला, हे आधी विचारून घ्यावे.

या कामाचा वकील निवडताना एक गोष्ट जास्त पाहावी. तो ऐकून घेतो का? दोन मिनिटांत "लावू केस" म्हणणारा नको. समेट होईल का, मुले कोणाकडे राहतील, घर कोणाचे, हे जो विचारतो तो वकील बरा. बाईला संकोच वाटत असेल तर तिने वकीलीणबाईंकडे जावे. पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात महाराष्ट्रात बायकांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. "कोर्ट फी भरायची" म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी खात्री करावी.

पोलिसांचे काम

१५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडला वेगळे पोलीस आयुक्तालय झाले. चाकणचे पोलीस ठाणेही त्यातच आले. पण चाकणच्या गुन्ह्याचे कोर्ट मात्र राजगुरुनगरला. त्यामुळे मुलाला चाकणच्या ठाण्यात नेले आणि घरचे पिंपरीच्या कोर्टात वाट पाहत बसले, असे होऊ शकते.

अशा वेळी फौजदारी काम करणारा आणि त्याच कोर्टात उभा राहणारा वकील पाहिजे. घाईत दस्ताचा वकील नेऊ नये. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. वाटेतला प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. अटक का केली, हे त्याला सांगावे लागते. आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलण्याचा हक्क त्याला राज्यघटनेने दिला आहे. म्हणून घाबरून जाऊ नये. "साहेबांना देऊन सोडवतो" म्हणणाऱ्या माणसाच्या हाती दागिने मोडून पैसा देऊ नये.

चेक न वटण्याचे कामही फौजदारी कोर्टात चालते. त्याच्या मुदती फार कडक आहेत. चेक परत आल्याचा कागद बँकेकडून मिळाला की ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस द्यायचे. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. एक पायरी चुकली की काम अवघड झाले.

रस्त्यावर अपघात झाला तर भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरण आहे. हा अर्ज सहा महिन्यांच्या आत द्यावा. या कामात दवाखान्याच्या दारापासूनच दलाल गाठतात. "आता काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के द्या" असे म्हणतात. हे गोड वाटते. पण मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे वकिलांच्या नियमांत बसत नाही. जो वकील पहिल्या दिवशी आपलाच नियम मोडतो, तो आपले काम नेमाने करील का?

वकील कसा पारखावा

वकिलाला जाहिरात करण्याची मनाई आहे. म्हणून मोठी पाटी किंवा मोठी गाडी पाहून वकील ठरवू नये. तीन वाटांनी वकील शोधावा.

पहिली वाट, ज्याचे तसेच काम झाले आहे त्याला विचारणे. जमिनीसाठी जमीनवाल्याला विचारावे, कामावरून काढल्याबद्दल युनियनला विचारावे. "वकील चांगला का?" एवढेच विचारू नये. "तारखेला स्वतः येत होता का? फोन घेत होता का? कागद परत दिले का?" असे विचारावे.

दुसरी वाट, कोर्टात जाऊन बसणे. कोर्ट सर्वांना उघडे असते. सुट्टीच्या दिवशी नव्हे, पण पाळी बदलून एक सकाळ तिथे घालवावी. मागच्या बाकावर शांत बसावे. पुकारा झाला की कोण उभा राहतो, कोण कागद चाळत बसतो, कोण नुसतीच पुढची तारीख मागतो, हे डोळ्यांना दिसते.

तिसरी वाट, वकिलाला समोरासमोर विचारणे. हे पाच प्रश्न पाठ करून ठेवावे.

१. असे काम तुम्ही पूर्वी केले आहे का? कोणत्या कोर्टात?
२. माझ्या कामाची मुदत केव्हा संपते?
३. कोर्टात तुम्ही स्वतः उभे राहणार की दुसरे कोणी?
४. फी किती, कोर्ट फी किती आणि वरखर्च किती? हे तिन्ही वेगवेगळे लिहून द्याल का?
५. माझ्या कामात कच्चे काय आहे?

पाचवा प्रश्न सर्वांत मोठा. "शंभर टक्के जिंकू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावे. निकाल न्यायाधीशाच्या हातात असतो. चांगला वकील कच्ची बाजू आधी सांगतो. ती ऐकायला कडू लागते, पण कामाची असते.

सही, पावती आणि तारीख

वकील ठरला की वकीलपत्रावर सही करावी लागते. ते वाचून सही करावी. आता तुम्हाला वाचता येते. मग लाजायचे कशाला? अक्षर बारीक असेल तर "जरा वेळ द्या, वाचतो" असे म्हणावे. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या स्टँपपेपरवर सही कोणालाही देऊ नये, मग तो वकील असो की सख्खा भाऊ.

मूळ कागद घरी ठेवावेत आणि वकिलाला झेरॉक्स द्यावी. कोर्टात मूळ कागद द्यावाच लागला तर काय दिले याची यादी करून तिच्यावर वकिलाची सही घ्यावी. पैसे दिले की पावती घ्यावी.

दावा दाखल झाला की त्याला सोळा अक्षरांचा आणि अंकांचा एक नंबर मिळतो. त्याला सीएनआर नंबर म्हणतात. तो वकिलाकडून लिहून घ्यावा. मोबाईलवर सरकारचे ई-कोर्ट्सचे ॲप आहे. त्यात तो नंबर टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले हे दिसते. मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवून एकदा पाहून घ्यावे. मग "तारीख पडली" एवढ्या शब्दावर वर्षे काढावी लागत नाहीत.

वकील पटला नाही तर बदलता येतो. फी थकली म्हणून वकिलाला फाईल अडवून धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली तसा निकाल दिला आहे. वकिलाने गैरवर्तन केले तर बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. पण खटला हरलो म्हणजे वकिलाने फसवले असे होत नाही. दोन बाजूंपैकी एक बाजू हरतेच.

पैसा नसेल तर

"पण अण्णा, आता चार हजार गेले. दुसऱ्या वकिलाला द्यायला पैसे कुठले?" दादाने विचारले.

"अरे, तुला वकील फुकट मिळतो. तो तुझा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे."

१९८७ सालच्या विधी सेवा कायद्याने हा हक्क दिला आहे. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, अपंग, कोठडीत असलेली माणसे आणि कारखान्यातले कामगार यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांच्या आत उत्पन्न असावे लागते. या पट्ट्यात हजारो कामगार राहतात, पण कायद्यात आपले नाव लिहिलेले आहे हे पुष्कळांना माहीत नसते.

अर्ज साधा असतो. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जावे किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा. फुकटचा वकील म्हणजे हलका वकील असे समजू नये. वरचे पाच प्रश्न त्यालाही विचारावे. तोही सनद असलेलाच वकील असतो.

किरकोळ तंटा असेल तर लोकअदालत आहे. तिथे दोघांच्या संमतीने तोडगा निघतो. भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून नीट समजल्याशिवाय हो म्हणू नये.

शेवटी

दुसऱ्या दिवशी दादा अण्णांबरोबर पुण्याला गेला. त्याने अर्ज दिला आणि त्याला कामगार न्यायालयात रोज काम करणारा वकील मिळाला. त्या वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितले, "उशीर झाला आहे. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. पण करीलच असं मी सांगत नाही." दादाला ते ऐकून वाईट वाटले. पण चार महिन्यांत प्रथमच कोणीतरी त्याला खरे सांगितले होते.

मामांनी राजगुरुनगरची वाट धरली. त्यांचे ६० दिवस संपायला अजून तीन आठवडे होते. आक्काने पोटगीचा अर्ज लिहायला घेतला. नाव आणि पत्ता तिने स्वतःच्या हाताने लिहिला.

ध्यानात ठेवा

आधी दार ओळखा, मग वकील शोधा.
पहिल्या दिवशी मुदत विचारा.
कोऱ्या कागदावर सही करू नका.
पैसे दिले की पावती घ्या.
फुकट वकील मिळणे हा हक्क आहे. फोन नंबर १५१००.

विचार करा आणि सांगा

१. दादाचे काम कशामुळे बिघडले?
२. तुमच्या घरी जमिनीचा तंटा असेल तर तो कोणत्या तालुक्याच्या कोर्टात चालेल?
३. नोटरीचा कागद आणि नोंदवलेले खरेदीखत यांत फरक काय?
४. वकिलाला विचारायचे पाच प्रश्न वहीत लिहून काढा.